मी घेवडा उपटून पाहिला

आमच्या भागात एखाद्या माणसानं दुसऱ्याच्या शेतात पाय ठेवला, की तो पिकाकडे बघत नाही. पीक त्यानं रस्त्यावरून, मोटरसायकल हळू करूनच बघितलेलं असतं. तो सरळ उकिडवा बसतो, एखादं रोप बुडाशी धरून हळूच उपटतो, माती झटकतो, मुळं तळहातावर पसरतो आणि म्हणतो, "पांढरी मुळी चालू न्हाई." चालू आहे असं म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. मालकालाही राग येत नाही. तो म्हणतो, "परवाच मुळाशी औषधाची आळवणी केली राव," आणि स्वतःही खाली बसतो. मग दोघं मिळून त्या केसासारख्या मुळ्या लेकराच्या डोक्यात उवा शोधाव्यात तशा चाळत राहतात. उपटलेलं रोप बांधावर पडतं. ते मेलं याचं कुणाला काही वाटत नाही. पाहणी तर झाली ना!

मी याच भागातला. कळंबजवळ आमचं थोडं रान आहे, घर रानातच आहे. पण माझी उमेदीची वर्षं चाकणकडच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात गेली. काम सोपं होतं. तयार मालातून एक पीस उचलायचा, यंत्राखाली धरायचा, तोडायचा, आत काय आहे ते बघायचं आणि 'पास' म्हणून शिक्का मारायचा. मी पास केलेला एकही पीस कधी कुठल्या गाडीला लागला नाही, कारण तो मी तोडलेला असायचा. गाडीला लागायचे ते त्याचे हजारो भाऊ. हा हजारो भावांचा तपशील मी कंपनी सोडताना गेटवरच विसरून आलो आणि पीस तोडायची सवय तेवढी घरी घेऊन आलो.

घरामागचं परसू बायकोच्या ताब्यात आहे. तिथं मेथी, बीट, गाजर, टोमॅटोच्या दोन सऱ्या आणि कडेला बांबू-सुतळीच्या मांडवावर चढलेला घेवडा. हा घेवडा बाजारात मिळत नाही. शेंग चपटी, कडेनं जांभळी किनार, आणि वास इतका दांडगा की शिजायला लागली की शेजारी अंगणातूनच विचारतात, "आज घेवडा का?" हे बी आणे गावचं. माझी सासुरवाडी आण्याच्या पठारावर आहे, तिथून हिनं लग्नानंतर मूठभर फडक्यात बांधून आणलं होतं. तेव्हापासून दरवर्षी चांगल्या शेंगा वेलावर वाळवायच्या, दाणे राखेत घोळून डब्यात ठेवायचे आणि पावसाळ्यात पुन्हा टोकायचे, हा तिचा नेम.

एके दिवशी तिच्या धाकट्या भावाचा फोन आला. त्यांच्या घरचं घेवड्याचं बी भुंग्यानं खाल्लं होतं. नुसती टरफलं उरली होती. पठारावर आता जो तो कांद्याच्या मागं, त्यामुळे आजूबाजूलाही कुणाकडे ते बी उरलं नव्हतं.

"ताई, तुझ्याकडं आसंल ना आपला घेवडा? थोडं बी दे की."

"देते की," ती म्हणाली. फोन ठेवून ती थेट माझ्यापाशी आली. मग मला म्हणाली, "माहेरानं माझ्याकडं मागितलं."

एवढंच. पण तिचा चेहरा असा झाला होता की मी चहासुद्धा मागितला नाही. लेक माहेराहून आणते. डबे आणते, पिशव्या आणते, गाडीत मावेल तेवढं आणते. माहेरानं लेकीपुढं हात पसरावा असं तिच्याकडे काही आहे, हे तिला त्या फोननं पहिल्यांदा सांगितलं होतं.

लगेच हुकूम निघाला. "या साली एक शेंग खायची न्हाई. सगळी बियाला. आन् तुमी त्या वेलांजवळ जायचं न्हाई."

"मी कशाला जातोय?"

"मेथी उपटून बघितली. बीट उपटून बघितलं. गाजरं एवढी एवढीशी आसताना उपटून बघितली!"

"गाजर तरी उपटायचंच असतं."

"मोठं झाल्यावर!"

मी शब्द दिला. आणि मी तो पाळलाही असता. पण मधे टोमॅटो आले.

शेवटच्या सरीतले टोमॅटो दुपारी माना टाकायला लागले. पाणी होतं, खत होतं, तरी माना टाकत. आमच्या शेजाऱ्याचा टोमॅटोतला अनुभव मोठा, म्हणून त्याला बोलावलं. तो आला, उकिडवा बसला आणि एक झाड उपटलं. मुळं बघून मीही खाली बसलो. सुतळीला जागोजागी गाठी माराव्यात, तशी ती मुळं झाली होती.

"निमॅटोड," तो म्हणाला. "सूत्रकृमी. गेलं रान."

"कुठं गेलं?"

"कुठं म्हंजे? कामातनं गेलं भाऊ. डोळ्याला दिसत न्हाई आसली आळी मुळात शिरून बसती. ह्याच्या शेजारी काय लावलंय?" त्यानं मान वर करून बघितलं. पुढं घेवड्याचा मांडव. त्यानं जिभेनं च्‌च् असा आवाज काढला.

"घेवड्यावर तर लई जीव त्याचा."

"पण मधे एवढं अंतर आहे. किती वेगानं सरकतो?"

"किती वेगानं! मोटरसायकल हाय का त्याच्याकडं? मी म्हणतो, एक वेल उपटून बघा. मुळी बघितल्याशिवाय काय कळणार?"

या शेवटच्या वाक्यानं माझा घात केला. दुसऱ्या दिवशी बायको मंचरला एका साखरपुड्याला गेली. मी परसात येरझाऱ्या घालायला लागलो. माझा विचार मला तरी अगदी सरळ वाटत होता. घेवड्यात रोग शिरला असेल तर सगळंच बी जाईल. आज कळलं तर काही करता येईल. सगळं बी वाचवायचं तर एक वेल गेला म्हणून काय बिघडलं? असं मनाला समजावून मी कडेचा एक वेल उपटला.

मुळांवर गाठी होत्या. एक-दोन नाही, लगडून.

मी तसाच मातीच्या हातानं भाचीला फोन लावला. माझ्या बहिणीची ही मुलगी शेतकी महाविद्यालयात शिकते.

"मामा, घेवड्याच्या मुळांवर गाठी असायलाच हव्यात," ती म्हणाली. "त्या चांगल्या. त्यांच्यात जिवाणू असतात, ते हवेतला नत्र धरून झाडाला देतात."

"आणि टोमॅटोच्या?"

"त्या वाईट."

"दिसायला तर सारख्याच आहेत गं."

"सारख्या कशा असतील? चांगली गाठ मुळाला बाहेरून चिकटलेली असते. बोटानं चोळली की सुटून येते. वाईट गाठ म्हणजे मूळच सुजलेलं असतं, ती सुटत नाही. आणि चांगली गाठ कापून बघा, आत गुलाबी दिसेल."

चोळणे, कापणे, रंग बघणे. अहो, हे तर माझंच खातं! मी स्वयंपाकघरातून सुरी आणली, पायरीवर पाट मांडला आणि पहिली गाठ कापली. आत गुलाबी. दुसरी कापली. गुलाबी. तिसरी तर अशी गुलाबी की बघत राहावं. मला इतका आनंद झाला की एकटाच मोठ्यानं "पास!" म्हणालो.

तिथंच थांबलो असतो तर ही हकिगत सांगायची वेळ आली नसती. पण तपासणी खात्याच्या माणसाला नापास मालही शेजारी ठेवून बघायची खोड असते. मी टोमॅटोची गाठ कापली. तीही गुलाबी. मग टोमॅटोचं नुसतं मूळ कापलं, जिथं गाठच नव्हती. गुलाबी. घेवड्याचा देठ कापला. गुलाबी. शेवटी पेरूचं एक पान तोडून चिरलं, तर त्याची कडसुद्धा गुलाबी निघाली.

इथं कारखान्यातल्या कुठल्याही शहाण्या माणसानं हातातलं हत्यार तपासलं असतं. मी रान तपासत राहिलो. मला वाटलं, आमच्या जमिनीत काहीतरी मोठी भानगड सुरू झाली आहे. मी कापलेल्या टोमॅटोच्या गाठीचा फोटो काढून भाचीला पाठवला आणि खाली लिहिलं, 'आपला टोमॅटोही नत्र धरतोय.' तिचा लगेच फोन आला.

"मामा, सुरी कुठली घेतली?"

"घरातली."

"आधी कशाला वापरली होती?"

मी आत गेलो. ओट्यावर झाकण ठेवलेलं ताट होतं. झाकण काढलं. जाण्याआधी हिनं कोशिंबिरीसाठी अर्धवट चिरून ठेवलेलं बीट माझ्याकडे बघत होतं.

सुरी घासूनपुसून पुन्हा सुरुवात केली. पण पहिल्या वेलाच्या गाठी मी सगळ्या चिरून बिटात न्हाऊ घातल्या होत्या, त्यामुळे ताजं मूळ लागणार होतं. म्हणून दुसरा वेल. या वेळी बादलीत मुळं स्वच्छ धुतली, चष्मा पुसला, एकेक गाठ चोळायला घेतली. काही पटापट सुटल्या. काही सुटेनात. काही अशा, की सुटल्या म्हणावं तर मुळाची सालही सोबत आली. कापल्यावर एक गुलाबी, एक हिरवट, एक तपकिरी आणि बऱ्याचशा पांढऱ्या.

"जुनी झाली की चांगली गाठही आतून हिरवट-तपकिरी होते," भाची म्हणाली. तिच्या आवाजातला उत्साह आता कमी झाला होता. "अगदी कोवळी असली तर पांढरी. आणि न सुटणाऱ्या गाठी असतील तर… मामा, दोन्ही असू शकतं."

"दोन्ही म्हणजे?"

"चांगल्याही आणि वाईटही. एकाच मुळावर."

कारखान्यात पीस पास असायचा नाहीतर नापास. एकाच पिसावर दोन्ही शिक्के मारायची सोय तिथं नव्हती. मग ठरवलं, नमुना कमी पडतोय. मांडवाच्या दुसऱ्या टोकाचा वेल बघायला हवा. तिथं टोमॅटोपासून लांब आहे, म्हणजे फरक दिसेल. फरक दिसला, पण उलटा. लांबच्या वेलावर न सुटणाऱ्या गाठी जास्त निघाल्या. मग मधला. मग मधल्याच्या शेजारचा, कारण मधला माझ्या मते जरा अशक्त होता आणि अशक्तावरून सगळ्यांना दोष देणं बरं नव्हे.

तीन वाट्या घेतल्या. एकीत चांगल्या गाठी, एकीत वाईट, एकीत शंकेच्या. शंकेची वाटी भरून वाहायला लागली, बाकी दोन्हींचा तळही झाकला गेला नाही. मी पुढचा वेल उपटायला गेलो तेवढ्यात कोंबडी आली आणि तिन्ही वाट्या सारख्याच आवडीनं साफ करून गेली.

परत येऊन मी मांडवाकडे बघितलं तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं. निम्म्याहून जास्त वेलांची धुतलेली मुळं मांडवाखाली उघडी लोंबत होती. वर मांडवाला गुंतलेले शेंडे तसेच होते, शेंगाही लोंबत होत्या, पण खाली त्यांचा बुडखा जमिनीत नव्हता. हा एवढाच सगळा माल होता. याला हजारो भाऊ नव्हते.

मी ते वेल परत लावले. हसू नका, त्या वेळी मला ते अगदी योग्य वाटलं. खड्डे तयारच होते. धुतलेली मुळं खाली सोडली, माती दाबली, वर पाणी दिलं. दिसायला मांडव पूर्वीसारखाच दिसत होता, उलट खालची माती ओली, भुसभुशीत, निगा राखल्यासारखी. दोन-चार मुळं मी तेवढी मातीसकट पिशवीत बांधून ठेवली, पुढच्या तपासणीसाठी.

संध्याकाळी बायको आली, पेढे दिले, साखरपुड्याच्या गमती सांगितल्या. परसात एक नजर टाकून म्हणाली, "पाणी दिलं का तुमी? बरं केलं." तिनं मला चांगलं म्हटलेले क्षण मी सहसा विसरत नाही. हा मात्र विसरता आला तर बरं होईल.

वेल दोन दिवस हिरवे राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी एकदम माना टाकल्या. ती पाण्याची झारी ठेवून जवळ गेली आणि एक वेल नीट वर चढवावा म्हणून तिनं बुडाशी धरला. तो अख्खा तिच्या हातात आला. मुळं पांढरट, माती नुसती वरवर चिकटलेली, उकडून धुतलेल्या शेवयांसारखी. ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग शेजारचा वेल धरला. तोही आला.

"हे कुणी धुतलं?"

"मी."

"का?"

"बघायला."

तिला राग आला असता तर मी तयार होतो. राग कसा झेलायचा हे मला आता येतं. पण तिनं नुसतं विचारलं, "मग काय दिसलं?"

मी तोंड उघडलं. इतक्या वेलांची किंमत मोजून मी जे मिळवलं होतं ते तिला सांगायची हीच वेळ होती. "दोन्ही असू शकतं," मी म्हणालो.

"दोन्ही काय?"

मी गुलाबीपासून सांगायला सुरुवात केली. बिटापाशी आलो तेव्हा ती खाली बसली. "माझ्या भावाला काय सांगू मी?" ती म्हणाली. "दाजींनी बघितलं, आसं सांगू?"

त्या दिवशी तिनं उपटलेले वेल शेंगांसकट पडवीच्या आडव्या बांबूला उलटे टांगले. पिकत आलेल्या शेंगा वेलावरच सुकतील आणि काही दाणे धरतील, एवढीच आशा. उरलेल्या उभ्या वेलांभोवती तिनं बाभळीच्या काट्या रोवल्या. शेजारी कुंपणावरून बघत होता.

"वहिनी, डुकरं येत्यात का?"

"न्हाई," ती म्हणाली. "घरचंच हाय."

शेंगा वाळल्या. सोलून बघितल्या तर काही दाणे टपोरे, काही सुरकुतलेले. टपोरे निवडून ओंजळभर निघाले. उभ्या वेलांचेही थोडे मिळाले. मला वाटलं, सुटलो. पण तिच्या डोक्यात आता वेगळंच शिरलं होतं.

"ह्याच्यात रोग आसंल तर? माहेरानं पयल्यांदा काय मागितलं आन् मी रोग पाठवू का?"

हा प्रश्न मीच तिच्या घरात आणला होता, त्यामुळे उत्तर शोधणंही माझ्याकडे आलं. शेजाऱ्याला विचारलं. "बियातनं जातो भाऊ. सगळंच बियातनं जातं. माणसाचंबी." भाचीला विचारलं. ती म्हणाली, "सूत्रकृमी घेवड्याच्या बियातून जात नाही मामा. मातीतून जातो, रोपातून जातो." मी हे हिला सांगितलं.

"बी कशात व्हतं?" तिनं विचारलं.

"शेंगेत."

"शेंग कशावर?"

"वेलावर."

"वेल कशात?"

"मातीत," मी म्हणालो, आणि मला स्वतःलाच शंका यायला लागली. कृषी सेवा केंद्रात गेलो, तर समोरचा माणूस म्हणाला, "गाठी वाढवायच्या का मारायच्या?" मी म्हणालो, "तेच तर विचारायला आलोय." त्यानं दोन बाटल्या पुढं केल्या. एक वाढवायची, एक मारायची. दोन्ही एकदम घातल्या तर काय होईल हे विचारल्यावर तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. बाटल्या तिथंच ठेवून मी परत आलो.

शेवटी तिनं एकेक दाणा ओल्या फडक्यानं पुसला, उन्हात सुकवला, पुन्हा पुसला, आणि म्हणाली, "चला आण्याला. आपुन जाऊन सांगू. घ्यायचं का न्हाई त्याचं त्यो ठरवंल."

मोटरसायकलवरून आम्ही आळेफाट्याहून पुढं, घाट चढून पठारावर गेलो. वारा असा की बोलणं मागच्या मागं उडून जावं. ती पूर्ण वाट बियाची पुरचुंडी पोटाशी धरून बसली होती. तिला माहीत नव्हतं की डिकीत मी माझी पिशवी घेतली आहे. मुळं आणि माती. मला वाटलं, नुसतं बी दाखवून काय उपयोग? निर्णय घ्यायचा तर माणसासमोर नमुना हवा.

मेहुणा रानाच्या कडेला उभाच होता. रामराम झाला. मी लगेच पिशवी सोडली. "पावणं, हा नमुना."

तो वाकून बघायला लागला, आणि एकदम दोन पावलं मागं सरला. "दाजी, ही माती कुठली?"

"आमच्या परसातली."

"ज्याच्यात रोग हाय ती?"

"असेल किंवा नसेल."

"आन् तुमी ती माझ्या बांधावर आणली?"

पिशवीला भोक पडलं होतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी घाईनं ती उचलायला गेलो तर तो ओरडला, "हलू नका! हाय तितंच थांबा! चपला काढा. त्यांनाबी तीच माती आसंल."

मी चपला काढून एका धोंड्यावर उभा राहिलो. खाली मुरूम आणि कुसळं, त्यामुळे उतरायची सोय नव्हती. मेहुण्यानं खोऱ्यानं तिथली माती खरवडून माझ्या पिशवीसकट, मुळांसकट चुलीत नेऊन टाकली. चपला राखेनं घासल्या. मी धोंड्यावर एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होतो. आणि मागून आवाज आला म्हणून वळून बघितलं, तर बायको तोंडाला पदर लावून हसत होती. घेवडा उपटल्यापासून ती हसली नव्हती. मी आणखी थोडा वेळ तसाच उभा राहायला तयार होतो.

पण पुरचुंडी उघडल्यावर तिचं हसू गेलं. तिनं सगळं सांगितलं, एक शब्द न लपवता. मेहुण्यानं दाणे तळहातावर घेतले. बोटानं सारले. एक दाणा दाताखाली धरून बघितला. ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत नव्हती, हाताकडे बघत होती. मूठ मिटते का हात परत पुढं येतो, एवढंच.

"तूच सांग ताई. पेरू का?"

"मला न्हाई सांगता येत."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मीही मान हलवली. ती कुठल्या दिशेनं हलली हे मला आता सांगता येणार नाही. तो उठला आणि गोठ्यामागून एक फुटका प्लास्टिकचा ड्रम ओढत घेऊन आला. रानापासून लांब, उघड्या कातळावर ठेवला. "पावसाळ्यात ह्याच्यात टोकतो. पठाराची माती भरतो. काय हाय ते कळंल. रानाचं मग बघू."

म्हणजे घेतलं, पण घेतलंही नाही. येताना आम्ही घाट उतरलो. मग ती म्हणाली, "आजारी जनावर येगळं बांधत्यात, तसं केलं त्यानं." मी म्हणालो, "घेतलं तर खरं." ती म्हणाली, "तुमी गाडी बघा."

तो पावसाळा तिनं परसात घेवडा लावला नाही. टोमॅटोही नाही. तिथं झेंडू लावला, कारण भाची म्हणाली की झेंडूनं सूत्रकृमी कमी होतो, आणि शेजारी म्हणाला की झेंडूनं काही होत नाही पण दसऱ्याला उपयोगी पडतो. मी झेंडू उपटून बघितला नाही. एकच बघितला.

मेहुण्याचे फोन येत राहिले. उगवलं. वेल चढला. फूल आलं. प्रत्येक फोननंतर ती दिवसभर जरा मोकळी असायची आणि संध्याकाळी पुन्हा विचारायची, "ड्रममधेच हाय ना अजून?" शेंगा आल्या तेव्हा फोनवर त्याचा आवाज चढला होता. "ताई, लई शेंगा. तीच किनार, त्योच वास. दाजी हायेत का तितं?"

मी फोन घेतला.

"दाजी, एक वेल उपटून बघू का?"

एक मन म्हणत होतं, हात लावू नका. दुसरं मन म्हणत होतं, बघाच, आणि गाठी चोळून बघा, आणि सुरी धुऊन घ्या. शेजारी कान लावून ऐकत असलेल्या बायकोनं फोन ओढून घेतला.

"शेंगा वाळू दे. बी काढ. डब्यात भर. मग उपट," ती म्हणाली. फोन ठेवता ठेवता म्हणाली, "आन् मला फोटो पाठव."

वेल वाळल्यावर फोटो आला. निम्म्या फोटोत मेहुण्याचा अंगठा, निम्म्यात मुळं. आम्ही दोघं डोक्याला डोकं लावून बघायला लागलो. गाठी होत्या.

"कसल्या हायेत?" तिनं भावाला फोनवर विचारलं.

"मला काय म्हाईत ताई? काय चोळल्यावर निघाल्या, काय न्हाई निघाल्या."

"मग?"

पलीकडे कुणाशी तरी काही बोलणं झालं. वारा ऐकू येत होता.

"मग काय? वरच्या अंगाची पट्टी मोकळी ठिवलीय. येत्या पावसाळ्यात तिथं टोकतो. सगळं बी."

"रानात?"

"रानात न्हाई तर कुठं? घरचा घेवडा हाय."

तिनं फोन ठेवला, ओट्यावरचं पातेलं उगाच इकडून तिकडं सरकवलं आणि म्हणाली, "रानात टोकणार हाय." मी हो म्हणालो. मी तो फोटो बोटांनी ओढून मोठा करत होतो. अंगठ्याच्या शेजारची एक गाठ मला गुलाबी वाटत होती, पण ती गाठ होती की मेहुण्याचं नख, ते काही केल्या ठरेना.